सकयल काय वयर? मडगावच्या अंकलना पत्र

अंकल,

तुम्हांला देवनागरी वाचायचा कंटाळा, म्हणून हे पत्र तुमची लेकच घरापुढच्या बल्कांवावर बसून मोठ्याने वाचून दाखवील. ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, त्यामुळे तिला नाही म्हणायची सोय नाही.

डिसेंबरात मी तुमच्याकडे आले ती फक्त स्वित्झर्लंडच्या सहलीसाठी थंडीचे कपडे कुठले घ्यावेत हे विचारायला. एंगेलबर्गच्या डोंगरावरल्या हॉटेलात चौदा हिवाळे काढलेला, भांडी घासण्यापासून सूप ढवळण्यापर्यंत सगळं केलेला माणूस दुसरा कुठे शोधू? मोबाइल पुढे करून मी म्हटलं, "आज सहा डिग्री आहे तिथे. आपले स्वेटर चालतील ना?" तुम्ही चष्मा कपाळावर सारलात आणि विचारलंत, "सकयल काय वयर?" खाली की वर.

त्या प्रश्नाने मी गोंधळले, खरं सांगते. आपल्याकडे म्हापशात बत्तीस तर पणजीतही बत्तीसच. एका गावाला दोन तापमानं असतात हे डोक्यातच नव्हतं. तुम्ही कागदावर तिरकी रेघ ओढलीत. पायथ्याशी एंगेलबर्ग, हजार मीटरवर. मध्ये ट्र्युबझे तलाव, अठराशेवर. वर टिटलिस शिखराचं केबल कार स्टेशन, तीन हजारांवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे गावात सहा असतील तेव्हा वर उणे सात. त्यात ताशी चाळीस किलोमीटरचा वारा धरला की अंगाला ते उणे सतरासारखं झोंबतं. स्वेटरचा विषय तिथेच संपला.

मग शून्याची रेषा, म्हणजे जिथे तापमान शून्यावर येतं ती उंची. ती किती उंचीवर आहे ते आधी बघ, आणि तिच्या खाली दोनतीनशे मीटरपर्यंत बर्फच पडतो, पुढे पाऊस, असं तुम्ही बजावलं होतंत. फेब्रुवारीत पोचलो त्या संध्याकाळी गावात धो धो पाऊस. धाकटा रडायला लागला, "बर्फ कुठाय?" मी अंदाज उघडला. शून्याची रेषा पंधराशेवर. म्हटलं, रडू नको, ट्र्युबझेला आत्ता बर्फच पडतोय. सकाळी केबल कारमधून निघालो तर खाली काळी ओली झाडं आणि थोडं वर गेल्यावर तीच झाडं पांढरी! मुलं माझ्याकडे असं बघायला लागली की जणू रात्री मीच वर जाऊन ते पसरून आले होते.

मोठ्याचा हिशेबही तुमचाच. ताज्या बर्फाचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक मिलिमीटर पाणी. आपला गोव्याचा पाऊस तीन हजार मिलिमीटर. त्याने तिथल्या तिथे गणित केलं: तीस मीटर बर्फ! आमची अख्खी बिल्डिंग गडप.

पण खरे आभार मानायचे आहेत ते वाऱ्याबद्दल. एजन्सीच्या छापील यादीत पहिला दिवस गावात फेरफटका आणि दुसरा दिवस टिटलिस असं होतं. निघायच्या आदल्या रात्री तुम्ही फोन करून सांगितलंत, दक्षिणेचा वारा येतोय, दिवस उलटे करून घे. गाइडने "ताई, यादीत तसं नाही" हे चार वेळा ऐकवलं. मीही हट्टाला पेटले. शेवटी आम्हा चौघांपुरती अदलाबदल झाली.

या दक्षिणेच्या वाऱ्याला तिथे फ्योन म्हणतात. तो कसा येतो ते तुम्ही चोर्ला घाटावरून समजावलं होतंत. जुलैत साखळीहून बेळगावला निघालं की घाटात वायपर पुरत नाहीत, आणि पलीकडे पाऊस ओसरत जातो. ढग चढताना इकडेच रिकामे होतात. फरक एवढाच की आपल्या घाटापलीकडे पठार आहे, वाऱ्याला खोल उतरायला जागा नाही. आल्प्समध्ये पलीकडे खोल दऱ्या. चढताना पाणी सुटतं म्हणून हवा हळूहळू थंड होते, उतरताना मात्र कोरडी हवा दर शंभर मीटरला एक अंश तापते. म्हणून ती दरीत पोचते ती निघाली त्याहून गरम होऊन. अशाच वाऱ्यात 1861 साली तिथल्या ग्लारुस नावाच्या गावाचा मोठा भाग जळून गेला होता.

टिटलिसहून उतरलो त्या संध्याकाळी दक्षिणेच्या कड्यावर ढग भिंतीसारखे पडून होते, अगदी तुम्ही हाताने दाखवलेत तसे. दुसऱ्या सकाळी गावात चौदा अंश, लख्ख ऊन, छपरं ठिबकताहेत. आमच्या ग्रुपमधली मंडळी खूश: काय नशीब काढलंय! आणि वाऱ्यामुळे वरची केबल कार बंद. खाली टीशर्टवर फिरावं असं ऊन आणि वर जायची सोय नाही, हे कोणाच्या पचनीच पडेना. आदल्या रात्री जेवताना मी त्यांना सांगितलं होतं, पण भीत भीत, माझं चुकलं तर हसतील म्हणून. जोरात सांगायला हवं होतं. ते अजून मनाला लागून आहे.

एक गोष्ट तेव्हा जाचक वाटली होती, ती म्हणजे 'बंद' लिहिलेल्या पाटीच्या पलीकडे पाऊल नाही हा तुमचा नियम. हिमस्खलनाचा धोका तीन होता. पाचपैकी तीन म्हणजे मधलाच की, असं मोठा म्हणाला. तुमचं उत्तर मला पाठ होतं: चार-पाचला लोक घरी बसतात, स्वित्झर्लंडमधले साधारण निम्मे बळी तीनलाच जातात. पलीकडचा उतार इतका गुळगुळीत, अनाघ्रात दिसत होता की मलाही मोह झाला. आम्ही हद्दीच्या काठ्यांच्या आतच राहिलो. तिथलाही बर्फ सकाळी लादीसारखा आणि दुपारी आंबोळीच्या पिठासारखा, पडायला तेवढा पुरला.

तुमचा गॉगल परत द्यायला रविवारी येते. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं उलटी फेकतो आणि मिरामारची कोरडी वाळू फार तर पंधरा, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तो बॅगेतच ठेवला असता. डाव्या काचेवर ओरखडा आलाय, धाकट्याने पाडला. येताना दोदोल आणते, त्यावर भागवून घ्या.

तुमची,
लेकीच्या शेजारच्या टेबलावरची