‘सावळी असली तरी...’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली कथा वाचली. कथा बरी आहे. नायिका ठाण्याहून सीएसएमटीला नोकरीला जाते, सासूशी पटत नाही, शेवटी पटतं. पण सुरुवातीलाच ती आरशासमोर उभी राहते आणि वर्णन येतं: ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस, शेलाटा बांधा, कमरेखाली रुळणारा शेपटा.’

त्या ‘तरी’शी मी अडकले. ‘गोरी असली तरी’ असं कुणी लिहीत नाही. स्थळाला फोटो पाठवताना माझे मामा माझ्याबद्दल असंच बोलायचे. हे वाक्य सासूच्या तोंडी असतं तर सासू कशी आहे ते तरी कळलं असतं. इथे लेखिकाच बोलताहेत.

मी नौपाड्यात २६ वर्षं ब्लाउज शिवते. शेलाटा बांधा मापाच्या वहीत लिहिता येत नाही. एका ताईंचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय. रोजची लोकल आणि पर्स कायम त्याच खांद्याला. तिथली शिलाई जास्त दाबली नाही तर गळा त्या बाजूला घसरतो. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या काकूंचा उजवा दंड डाव्यापेक्षा पाऊण इंचाने जास्त. दोन्ही बाह्या एकाच मापाने कापल्या की उजवी काचते. तिसऱ्या एक आहेत, चांगल्या पाच फूट आठ इंच. शाळेपासून ‘ताडमाड’ ऐकून ऐकून पोक काढून चालतात. त्यांना मागचा भाग लांब धरावा लागतो, नाहीतर ब्लाउज वर चढतो. तिघींचा रंग विचाराल तर मला आठवावा लागेल. खांदा आणि दंड मात्र हाताला पाठ आहेत.

आणि तो आरसा! मराठी ग्रंथ संग्रहालयातून दिवाळी अंक आणते, त्यातही नायिका आरशासमोर उभ्याच. माझ्या दुकानात आरसा आहे. आजवर एकीनेही त्यात आपले टपोरे डोळे न्याहाळलेले नाहीत. हात वर करून काखेत चुण्या पडताहेत का ते बघतात, मग पाठमोऱ्या होऊन मान वळवतात.

शेपट्याचं तर वाईटच वाटलं. एवढा लांब केस दिला आणि पुढे कथाभर त्याचं काही नाही. गर्दीच्या लेडीज डब्यात तो कुणाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकत नाही, धुतल्या दिवशी वाळत नाही म्हणून हिला उशीर होत नाही, सासूला न्हाणीघरात केसांचा गुंता सापडत नाही. भांडणाला किती चांगलं कारण होतं!

लेखिका ठाण्याच्याच आहेत असं कथेखाली छापलंय. कधी दुकानात आल्या तर नावं झाकून मापाची वही दाखवीन. फक्त दिवाळीआधीचे पंधरा दिवस सोडून यावं, तेव्हा मला श्वास घ्यायला वेळ नसतो.

– एक ब्लाउज शिवणारी वाचक, नौपाडा, ठाणे