बाबा, मी बोलले नव्हते

ती. आई आणि बाबांना नमस्कार,

हे फोनवर सांगता आलं नसतं. व्हिडिओ कॉलवर बाबांचं निम्मा वेळ कपाळच दिसतं आणि आई मागून 'जेवलीस का' विचारत असते. म्हणून कागद घेतला.

बाबा, रविवारी तुम्ही सांगितलंत की सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये म्हाडाचा वाटा घरांच्या रूपाने द्यायचा की त्याऐवजी पैसे, म्हणजे प्रीमियम, भरून मोकळं व्हायचं, यावरून वाजलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "लॉटरीवाले नकोत आपल्यात." त्यावर तुम्ही उठलात आणि म्हणालात, "माझी मुलगी अमेरिकेत अशाच लोकांसाठी कौन्सिलसमोर उभी राहिली होती." हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

बाबा, मी उभी राहिले नव्हते.

२०१७ च्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा रोज सकाळी इथे क्युपर्टिनोतल्या वॉल्को मॉलमध्ये फिरायला जायचात. दुकानं बहुतेक बंद होती. एसी मात्र चालू. 'वॉल्को म्हणजे काय' असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी 'असेल कोणाचं आडनाव' म्हणून वेळ मारून नेली होती. ती खरं तर आद्याक्षरं आहेत, व्हेरियन असोसिएट्स या कंपनीची दोन आणि लेनर्ड, लेस्टर, क्राफ्ट, ऑर्लँडो या कुटुंबांचं एकेक अक्षर घेऊन जोडलेली. १९७६ साली मॉल उघडला तेव्हा लोक लांबून यायचे म्हणे. तुम्ही मात्र पावलांनी कॉरिडॉर मोजून आईला सांगितलंत, "अगं, इथे आपलं अर्धं कन्नमवार नगर बसेल."

तेच भांडण होतं. साधारण पन्नास एकर जागा आणि तिथे घरं बांधायची की नाही. २०१६ मध्ये गावाने मतदान केलं, तेही दोन प्रस्तावांवर. एक बिल्डरचा, एक त्याच्या विरोधकांचा. लोकांनी दोन्ही पाडले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, एसबी ३५ नावाचा. ज्या गावाने कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या घरांचा कोटा पुरा केला नाही, तिथे बिल्डर निम्मी घरं परवडणारी देत असेल आणि आराखडा लेखी नियमांत बसत असेल, तर परवानगी अडवायची नाही. मार्च २०१८ मध्ये बिल्डरने अर्ज टाकला : २,४०२ घरं, त्यातली निम्मी परवडणारी. सप्टेंबरात तो मंजूर झाला. कौन्सिलच्या मताचा तिथे प्रश्नच नव्हता. कौन्सिलसमोर होता तो त्याच जागेचा दुसरा, मोठा आराखडा. सभागृह भरायचं ते त्यासाठी.

अशाच एका संध्याकाळी मी गेले. बोलायचं असेल तर चिठ्ठी भरून द्यायची, मग नाव पुकारतात. तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली की त्याहून कमी. मी आठवडाभर भाषण घोटत होते. अण्णा आजोबांना परळच्या चाळीतून हाउसिंग बोर्डाची खोली कशी मिळाली, दोन खोल्यांत आपण सात जण कसे राहिलो, तिथेच टेबलाखाली बसून मी बारावी कशी केली, सगळं लिहिलं होतं. मिहीरच्या बालवाडीतल्या बाई लांबच्या ट्रेसी गावाहून यायच्या, पहाटे चारला उठून, तेही होतं.

आत शिरले तर तिसऱ्या रांगेत आपल्या गणपतीत अथर्वशीर्ष सांगणारी मैत्रीण बसलेली. मिहीरच्या वेळी तुमचा व्हिसा लांबला तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन दवाखान्यात आली होती, तीच. तिने पर्स उचलून मला जागा दिली आणि म्हणाली, "बरं झालं आलीस. अशी घरं आली तर शाळांचं काय होईल सांग." मी हसले. बाबा, मी नुसती हसले. चिठ्ठी भरलेली होती, पर्समध्येच राहिली. रात्री उशिरा घरी आले तर तुमचा फोन, "बोललीस का?" मी म्हटलं, "हो."

त्या मैत्रिणीचा मला राग नाही, हे आईला आधीच सांगते, नाहीतर पुढच्या वेळी तिला चहासुद्धा मिळायचा नाही. तिनेही आमच्यासारखंच शाळेसाठी ऐपतीबाहेरचं घर घेतलंय, तीस वर्षांच्या कर्जावर. त्या घराची किंमत हीच तिची म्हातारपणची पुंजी. घाबरलेल्या माणसाला आकडे दाखवून काही होत नाही. माझ्याकडे तर दाखवायला तोंडही नव्हतं.

तो मोठा आराखडा कौन्सिलने मंजूर केला. निवडणूक झाली, माणसं बदलली, आणि २०१९ मध्ये नव्या कौन्सिलने तो मागे घेतला. एसबी ३५ च्या मंजुरीवर कोर्टकज्जे झाले, २०२० मध्ये न्यायाधीशांनी ती योग्य ठरवली. तोवर तुमचा मॉल पाडायला घेतला होता. २०२४ मध्ये सुधारित आराखडा आला : २,६६९ घरं, त्यातली ८९० परवडणारी. निम्म्याचे एकतृतीयांश झाले. आणि शाळा भरून वाहतील अशी भीती होती ना? २०२२ मध्ये मुलं कमी पडतात म्हणून मेयरहोल्झ आणि रेगनार्ट या दोन प्राथमिक शाळा बंद केल्या. हे मैत्रिणीला ऐकवायचं माझ्या फार मनात आहे. अजून ऐकवलेलं नाही. माझं हे असंच.

आता तुमच्याकडे. बाबा, तुम्ही मीटिंगमध्ये बरोबर बोललात, फक्त माझा दाखला चुकीचा होता. पुढच्या वेळी अण्णांचा द्या. तळमजल्यावरच्या काकांच्या वडिलांनाही खोली बोर्डानेच दिली होती आणि ते दोघे एकाच टेम्पोतून सामान घेऊन आले होते, हे आजी सांगायची. काका तेव्हा पाच-सहा वर्षांचे असतील, त्यांना आठवत असणार.

आणि प्रीमियमच्या नादात, नवी इमारत होईपर्यंत बिल्डरने द्यायच्या भाड्याचं विसरू नका. करारात दरवर्षीची भाडेवाढ आणि बँक गॅरंटी आल्याशिवाय सही नको. आईचा गुडघा बघता पर्यायी घर लिफ्टचं हवं, हेसुद्धा लेखी घ्या. काकांशी भांडण झालं असेल तर आईने कोथिंबीरवडी पाठवावी, ते विरघळतात.

चिठ्ठी अजून जुन्या पर्समध्ये आहे. भाषणही. ते या पत्रासोबत पाठवते आहे. आई, तू वाचून दाखव, बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत माझं अक्षर लागायचं नाही. भाषणात आजीच्या ट्रंकेबद्दल लिहिलंय ते चुकलं असेल तर रविवारी सांगा.

तुमची,
शमा