झटका केव्हा द्यायचा, यातच सगळं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत व्हेगस नर्व्हवर, म्हणजे मेंदूपासून मानेतून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या नसेवर लेख होता. ही नस चेतवायला थंड पाण्याचे हबके, गुणगुणणं, विजेचा हलका झटका देणारी कानाला लावायची क्लिप आणि शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र, सगळं एकाच माळेत ओवलेलं. म्हणून हे पत्र.

मी अर्धांगवायूच्या रुग्णांना व्यायाम शिकवते. दोनच दिवसांत एका आजोबांचा मुलगा ऑनलाइन मागवलेली क्लिप घेऊन आला. "मॅडम, बाबा टीव्ही बघतात तेव्हा तासभर लावतो. हात सुटेल ना?"

या नसेचे सुमारे 80 टक्के तंतू छाती-पोटाची खबर मेंदूकडे नेतात. मानेत तिला विजेचा हलका झटका दिला की तो मेंदूच्या देठातून लोकस सेरुलियस नावाच्या निळसर ठिपक्यापर्यंत पोचतो. ठिपका इवलासा, पण त्याचे धागे मेंदूभर पसरलेले. तिथून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं आणि त्या घडीला जे सर्किट राबत असेल ते पक्कं व्हायला मदत होते. टीव्ही बघताना हाताचं सर्किट स्वस्थ असतं. मग पक्कं काय होणार, मालिका?

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अर्धांगवायूच्या 108 रुग्णांवरची चाचणी 2021 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. यंत्र सगळ्यांना बसवलं, पुरेसा झटका मात्र निम्म्यांनाच. रुग्णाने हात पुढे केला की थेरपिस्टने त्याच क्षणी बटण दाबायचं. झटका अर्ध्या सेकंदाचा. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी तीनशेच्या वर हालचाली! तीन महिन्यांनी पुरेसा झटका मिळालेल्यांपैकी 47 टक्क्यांच्या हातात लक्षणीय सुधारणा होती, दुसऱ्या गटात 24 टक्क्यांच्या. हा दुसरा आकडा मला जास्त आवडतो. तो नुसत्या घामाचा आहे.

अपस्माराचं वेगळं. तिथे 1997 पासून अमेरिकेत मान्यता असलेलं यंत्र सहसा दर पाच मिनिटांनी तीसेक सेकंद आपोआप चालतं. फिट्स कमी होतात, पूर्ण थांबतात क्वचितच. अनेकांचा आवाज घोगरा होतो आणि गोळ्या सुटत नाहीत. लेखात यातलं एक वाक्य तरी हवं होतं.

त्या मुलाला म्हटलं, डॉक्टरांना विचारेपर्यंत क्लिप कपाटात ठेवा. त्या तासात बाबांना वाटीतले शेंगदाणे अधू हाताने एकेक उचलू द्या. काल आजोबांनी अकरा उचलले. दोन खाल्ले, ते धरून.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा