आई-बाबा, आणखी दोन वर्षं

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर काही सांगायला गेले की आई "जेवलीस का?" वर येते आणि बाबा "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. म्हणून लिहिते आहे. मुख्य गोष्ट आधी सांगून टाकते. बंगळुरूच्या याच प्रयोगशाळेत मी आणखी दोन वर्षं राहणार आहे. सही झाली. फोंड्यातल्या कॉलेजची जागा घेत नाही, तसं त्यांना कळवलंही. तुम्हाला विचारलं असतं तर "तुला बरं वाटेल ते कर" असंच म्हणाला असतात, आणि मग आईने रात्रभर कूस बदलली असती. तो भार तुमच्यावर टाकावासा वाटला नाही.

रागावू नका. चवथीला मी येणारच आहे, गणपतीवरची माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी. नेवऱ्यांचा घाट आईने एकटीने घालायचा नाही, मी आल्यावर बसू.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं, लोकांच्या दातांवरचा थर खरवडून तुला काय मिळतं? तेव्हा काका आले आणि उत्तर राहून गेलं. तुमच्या आवडत्या 1683 सालापासून सुरू करते. गोव्याचा पोर्तुगीज विजरई फोंड्याच्या किल्ल्यावर तोफा घेऊन आला आणि संभाजी महाराजांनी त्याला मागे रेटलं, ते साल. त्याच सालच्या सप्टेंबरात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूकने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं: माझ्या दातांमधला पांढरा थर पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर आत इवले जीव वळवळत होते. आज माणसांच्या तोंडांत मिळून 700 च्या आसपास जातींचे जिवाणू माहीत आहेत. कोण आहेत हे डीएनएवरून कळतं. पण ती झाली जत्रेतल्या नाटकाच्या हँडबिलावरची नावं. त्या रात्री रंगमंचावर कोण काय बोललं ते हँडबिलावर नसतं.

ते आरएनएत असतं. जिवाणू जी जनुकं कामाला लावतो त्यांच्या तेवढ्यापुरत्या नकला म्हणजे आरएनए, आणि जिवाणूंमध्ये त्यातल्या बऱ्याचशा काही मिनिटांत मोडून जातात. थर शिल्लक राहावा म्हणून नमुना देणाऱ्याला आदल्या रात्रीपासून दात घासू देत नाही. सकाळी हिरडीच्या कडेने बारीक उपकरण फिरवतो, टोकावर पांढरट, चिकट असा मोहरीएवढा कण येतो, आणि तो हातात धरून बोलत बसायला वेळच नसतो. लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रवात, तिथून उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये. त्यात पुन्हा बहुतेक आरएनए राइबोसोमचा, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचाच असतो. तो गाळून काढला की मग उरलेल्यातून कळतं, त्या क्षणी तिथे कोण साखर खात होतं, कोण आम्ल सोडत होतं, कोण हिरडीचं मांस विरघळवायच्या तयारीत होतं.

2014 साली असे दोन अभ्यास आले आणि मी तेव्हापासून याच्यात ओढली गेले. एकात दिसलं की हिरड्यांच्या रोग्यांच्या तोंडातले जिवाणू माणसागणिक वेगळे असतात, पण रोग झालेल्या जागी सगळे मिळून काम मात्र सारखंच करतात. दुसऱ्यात तर, ज्यांना कुणी रोगकारक म्हणत नव्हतं तेही रोगाच्या जागी अपाय करणारी जनुकं चालवताना सापडले. म्हणजे एका दुष्ट जंतूला शोधून मारलं की झालं, असं हे प्रकरण नाही. मला तरी हे फार मोठं वाटतं.

आता आम्ही मधुमेह असलेल्या लोकांचे नमुने घेतोय, हिरड्यांच्या उपचाराआधी आणि नंतर. "नंतर"चे अर्धेअधिक यायचे आहेत. मध्येच उठून आले तर आधीचे नमुने फ्रीझरमध्ये नुसते पडून राहतील. शिवाय पगार वाढलाय, खोलीला पूर्वेची खिडकी आहे, मासे बरे मिळत नाहीत पण आईने दिलेली सोलं अजून आहेत, आणि रात्रीच्या बसने सकाळी फोंड्यात उतरता येतं. आई, मी नीट जेवते. खरंच.

नमुने घेताना बाबांची आठवण येते. जत्रेच्या रात्री मी चटईवर आईच्या शालीत झोपलेली असायचे. एका वर्षी बाबा औरंगजेब झाले होते. त्यांचा आवाज चढला तशी मी दचकून उठले आणि "हे माझे बाबा नव्हेत" म्हणून रडत सुटले. मग मुखडा रंगवलेलाच ठेवून बाबा मागून आले आणि मला खांद्यावर घेऊन विंगेत बसवलं. त्यांच्या गालाचा रंग माझ्या फ्रॉकला लागला होता, आईने तो कितीदा धुतला.

त्याच बाबांना आता पेरू चावताना रक्त येतं, हे मला आईकडून कळतं. बाबा, हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात येत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. दोन्हीकडून. हिरड्यांचे उपचार केले तर तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. घाबरण्यासारखं काही नाही, वेळेवर गेलं तर दात राहतात. पण किटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरनेच काढायला हवं.

तेव्हा ऐका. पुढच्या सोमवारी बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जायचं. दादाला सांगितलंय, तो सकाळी गाडी आणेल. नाश्ता करून, साखरेची गोळी घेऊन निघायचं. रक्त पातळ करायची गोळी घेता हे डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही. रात्रीचं ब्रश चुकवायचं नाही, झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. बिस्किटं चहाबरोबर एकदाच काय ती खा. दर वेळी तोंडात गोड गेलं की काही मिनिटांत आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर एकेक खात राहिलात तर दातांना उसंत कधी मिळणार? आईने कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. झोप लागते म्हणून तशीच ठेवायची नाही.

हे सगळं हुकूम सोडल्यासारखं झालंय, मला माहीत आहे. जवळ असते तर नुसतं ब्रश हातात दिलं असतं.

सोमवारी रात्री फोन करीन. डॉक्टर काय म्हणाले ते बाबांनी स्वतः सांगायचं, आईकडे फोन द्यायचा नाही.

तुमची,
बाय