गोळीबरोबर वजनही उचलायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की ठाणे-नवी मुंबईत स्तनाच्या कर्करोगाविषयी फलक लागतात, मॅमोग्राफीची शिबिरे भरतात, सोसायट्यांमध्ये व्याख्याने होतात. ती व्हायलाच हवीत. पण ऑपरेशन, किमो, रेडिएशन पार पडल्यावर जिच्या हातात रोज एक गोळी, पाच ते दहा वर्षे, अशी चिठ्ठी पडते तिच्याशी फारसे कोणी बोलत नाही. तिला घरी, शेजारी आणि पुष्कळदा दवाखान्यातही दोनच गोष्टी सांगितल्या जातात : ‘रोज चालायला जा’ आणि ‘त्या हाताने काही उचलू नका’. पहिली सूचना अपुरी आहे. दुसरी आज ज्या सरसकट पद्धतीने दिली जाते, तशी ती चुकीची आहे. म्हणून हे पत्र.

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणारी गाठ असेल, तर पाळी गेलेल्या स्त्रियांना बहुधा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देतात. पाळी थांबली तरी शरीरातल्या चरबीत आणि स्नायूंत थोडे इस्ट्रोजेन तयार होतच असते. ही गोळी तेही बंद पाडते. गाठ परतू नये म्हणून ते गरजेचेच आहे. पण त्याच इस्ट्रोजेनवर हाडे आणि सांधेही टेकलेले असतात. अ‍ॅनास्ट्रोझोल पाच वर्षे घेतलेल्या स्त्रियांमध्ये कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे ६ टक्क्यांनी आणि खुब्याची सुमारे ७ टक्क्यांनी घटलेली आढळली. सांधे त्याच्या कितीतरी आधी कुरकुरू लागतात. दोन-तीन महिन्यांतच सकाळी मूठ वळेनाशी होते, मनगटे ठणकतात, जमिनीवरून उठताना गुडघे धरतात. जवळपास निम्म्या जणींना हा त्रास होतो. ‘आता वय झालं’ म्हणून तो अंगावर काढला जातो, नाहीतर गोळी कोणाला न सांगता एक दिवसाआड घेतली जाते. हे कृपया करू नका. दुखणे डॉक्टरांना सांगितले तर गोळी बदलून देता येते.

आणि या दुखण्यावर व्यायाम हा खरोखरीचा उपाय आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अशाच, गोळीने सांधे दुखणाऱ्या १२१ स्त्रियांचा होता. एका गटाने वर्षभर आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस वजनांचा व्यायाम केला. त्यांचे सर्वांत तीव्र दुखणे २९ टक्क्यांनी उतरले. दुसऱ्या गटाचे ३ टक्क्यांनी वाढले. यात चालणे आणि वजन दोन्ही होते, हे विसरू नये.

हाताचे काय? ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या की त्या हाताला सूज येण्याची भीती असते आणि ती खोटी नाही. पण हात जपून जपून होते काय, तर दंड बारीक होतो, खांदा आखडतो. मग एखाद्या दिवशी पाण्याची भरलेली बादली उचलावी लागते आणि त्या कमकुवत हाताला ती एकदम झेपत नाही. अशा अचानक ओझ्याने सूज उसळू शकते. २००९ साली अमेरिकेतच, आधीपासून हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजने उचलली गेली. वजने न उचलणाऱ्यांपेक्षा त्यांची सूज वाढली तर नाहीच, ती उसळण्याचे प्रसंगही कमी झाले. मात्र त्या दाबाची बाही (सूज आवरणारी घट्ट बाही) घालून व्यायाम करत होत्या आणि सुरुवातीचे तीन महिने शिकवणारी व्यक्ती समोर होती. ही अट वगळून निष्कर्ष तेवढा उचलू नये.

सुरुवात अगदी छोटी असावी. पहिल्या आठवड्यात सकाळी १० मिनिटे, संध्याकाळी १० मिनिटे, पाच दिवस. मग प्रत्येक फेरीत दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत दिवसाला ३० मिनिटांपर्यंत यायचे. वेग असा, की शेजारणीशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. या गोळ्यांनी अंगातून वाफा येतात आणि आपल्याकडची दमट हवा त्यात भर घालते, त्यामुळे सकाळी सातच्या आत चालून झालेले बरे. पावसाळ्यात तलावाकाठचे, बागेतले शेवाळलेले पेव्हर ब्लॉक या स्त्रियांसाठी धोक्याचेच. हाड विरळ झालेली बाई घसरली तर मनगट किंवा खुबा जातो. त्या दिवसांत जिना वापरावा. सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत राहणाऱ्यांना तो आयताच आहे : कठडा धरून चढायचे, उतरताना घाई करायची नाही.

वजनांचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान ४८ तासांची विश्रांती, म्हणजे सोमवार-गुरुवार. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी घेऊन, ८ ते १० वेळा उठायचे आणि सावकाश बसायचे. खोल सोफा नको, त्यात गुडघ्यांवर ताण येतो. ओटा धरून टाचा १२ ते १५ वेळा वर. भिंतीपासून दीड फुटावर उभे राहून भिंतीवरच ८-१० दंड. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून कोपर मागे ओढायचे. याने पाठीचे, खांद्याच्या फऱ्यांचे स्नायू जागे होतात आणि पुढे वाकलेली छाती उघडते. हाताच्या वजनाला अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली पुरते, ती म्हणजे अर्धा किलो. प्रत्येकाचे दोन फेरे. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन्ही दिवशी १२ वेळा सहज जमले आणि हातात काही फरक नाही, तरच आणखी अर्धा किलो. आठवडाभर खंड पडला तर मागे यायचे, होते त्या वजनापासून पुन्हा सुरू करायचे नाही. सर्वाधिक गडबड इथेच होते : लग्नकार्य, गणपती यात पंधरा दिवस जातात आणि बाई सोडले होते तिथूनच उचलते.

‘घरकाम करते, तोच व्यायाम’ हे आपल्याकडे फार ऐकू येते. पोळ्या लाटून हात दुखतो, पण भार वर्षानुवर्षे तोच राहतो. हाड आणि स्नायू वाढत्या भारालाच दाद देतात.

हात मोजण्यासाठी शिवणकामाची टेप घ्यावी. मनगट, कोपराखाली १० सेंटिमीटर आणि कोपराच्या वर १० सेंटिमीटर, अशा तीन जागी दोन्ही हात मोजून तारखेसह वहीत लिहावे. वेळ सकाळचीच, कारण संध्याकाळी हात तसाही थोडा भरतो. वजने सुरू केल्यावर पहिले तीन महिने दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा. दोन हातांतला फरक २ सेंटिमीटर झाला तर थांबून दाखवावे. टेपच्याही आधी बांगडी सांगते. एरवी सैल असलेली बांगडी अडली, ब्लाउजची बाही त्याच दंडाला रुतली, अंगठीचा वण उमटला, की वही काढायची. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रेडिएशननंतर छातीचा स्नायू महिनोन् महिने, कधी वर्षांनीही आखडत राहतो, म्हणून खांद्याचा व्यायाम टाके सुकले की संपत नाही. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची, पोचलो तिथे पेन्सिलीची खूण करायची, रोज ५ ते १० वेळा. दुसऱ्या हाताचीही खूण शेजारीच असू द्या. खांदा कानाकडे उचकला किंवा कंबर मागे झुकली तर ती उंची फसवी असते. काखेतून कोपराकडे दोरीसारखा ताणलेला पट्टा जाणवला तर झटका देऊन तो मोकळा करायला जाऊ नये, फिजिओथेरपिस्टला दाखवावा. सकाळी आखडलेल्या बोटांसाठी मात्र कोमट पाण्यात पाच मिनिटे हात ठेवून २० वेळा मूठ उघड-मीट पुरेशी असते.

बागांमधल्या योगवर्गांना एक विनंती. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर (त्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर पश्चिमोत्तानासन, हलासन आणि पाठ उचलून पोटाचे व्यायाम करवून घेऊ नका. मणका पुढे वाकून त्यावर भार आला की विरळ मणी चेपू शकतो. सूर्यनमस्कारात सारा भार एकदम हातांवर येतो, म्हणून भिंतीवरचे दंड जमल्यानंतरच दोनपासून सुरुवात. बाराचा हट्ट नको.

टॅमॉक्सिफेन ही याच आजारावरची दुसरी गोळी घेणाऱ्यांना हाच व्यायाम चालतो, पण त्या गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. टाचा उचलल्यावर दोन्ही पोटऱ्या दुखणे साहजिक आहे. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर ते व्यायामाचे दुखणे नव्हे. लगेच रुग्णालयात जावे. ज्यांना किमोत डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, किंवा ट्रास्टुझुमॅब दिले गेले त्यांनी वेग वाढवण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे ना, हे विचारून घ्यावे. हाडात आजार पसरलेला असेल तर हे पत्र वाचून काहीही सुरू करू नये. त्यांचा व्यायाम वेगळा बेतावा लागतो.

आता महापालिकांकडे. आपल्या उद्यानांतल्या ओपन जिमच्या बहुतेक यंत्रांत वजन कमी-जास्त करायची सोयच नसते, बसणाऱ्याच्या अंगभाराचाच जोर हातांवर येतो. अर्ध्या किलोपासून सुरू करायचे आहे तिला ते निरुपयोगी आणि धोक्याचेही. खांदा फिरवायचे चाक तेवढे उपयोगी, पण त्याने हालचाल मोकळी होते, ताकद येत नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी प्रत्येक प्रभागातल्या निदान एका उद्यानात अर्धा ते पाच किलोंचे डंबेल, रबरी पट्टे, हातांना आधार असलेले १८ इंच उंचीचे बाक आणि आठवड्यातून दोन सकाळी प्रशिक्षित महिला फिजिओथेरपिस्ट ठेवावी. हे साहित्य एका लोखंडी कपाटात मावते. गुडघे दुखणाऱ्या, मधुमेह असलेल्या, साठी उलटलेल्या साऱ्याच स्त्रियांना ते लागेल.

रुग्णालयांकडे मागणी त्याहून छोटी आहे. खारघरला टाटा स्मारकाचे केंद्र असल्याने देशभरातून रुग्ण नवी मुंबईत येतात आणि त्यांतल्या कित्येक जणींची पुढची तपासणी इथल्या लहान-मोठ्या दवाखान्यांत होते. गोळीची पहिली चिठ्ठी लिहिली जाते त्याच दिवशी, खांदा धरेपर्यंत न थांबता, त्याच कागदावर तीन ओळी वाढवाव्यात : डेक्साची तारीख, फिजिओथेरपीची तारीख आणि दोन्ही हातांची पहिली मापे.

आपल्या,
कर्करोग पुनर्वसनात काम करणाऱ्या दोन फिजिओथेरपिस्ट,
नेरूळ, नवी मुंबई