बगळा कोकणात आणू का नको

सुध्या,

तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो तेवढंच. लिहितोय कारण घरात हे कुणाला सांगून उपयोग नाही. इथे टोकियोत जिम्बोचोच्या एका जुन्या दुकानातून कोसोनचा बगळा घेतला, म्हणजे लाकडी ठोकळ्यांनी कागदावर छापलेलं चित्र! ओहारा कोसोन म्हणजे जपानी चित्रकार, जन्म १८७७ चा, कानाझावाचा, जन्मभर मुख्यतः पक्षी काढले बाबाने. हा बगळा १९२६ नंतरचा, म्हणजे वातानाबे प्रकाशकाकडे शोसोन नावाने काढायचा तेव्हाचा. तेव्हा यातली बरीच चित्रं थेट अमेरिकेला जायची.

मागे काळपट आभाळ, तिरका पाऊस, आणि बगळा पांढराफटक, पण पांढरा रंग लावलेलाच नाही रे, कोरा कागद आहे तो. पिसांसाठी कोरलेला ठोकळा रंग न लावता कागदावर दाबलाय, नुसता उठाव. समोरून कळत नाही, उजेडाकडे तिरका धरला की एकेक पीस दिसतं. अप्पांच्या नांगरामागे यायचे ना, मान आत ओढून, अगदी तस्सा उभा आहे.

आता आम्ही कायमचे रत्नागिरीला येतोय आणि मला झोप नाही. जूनपासून तिथे भिंतींना ओल, चपलांना बुरशी, कागदाने ओल धरली की हा उठाव बसतो, पुन्हा नीट वर येत नाही. उन्हात रंग उडतात, आणि हिला तो हॉलमध्ये खिडकीसमोरच हवाय. नंदू म्हणाला लॅमिनेट कर, त्याच्याशी बोलणंच बंद केलंय. इथेच विकावा तर मन होत नाही.

तू म्हणशील छापीलच ना, दुसरा घे. कट्ट्यावर याच्यावरून किती भांडलोय, मी अजून मानत नाही. चित्र काढणारा एक, चेरीच्या लाकडावर कोरणारा दुसरा, बारेनने, म्हणजे हातातल्या गोल चपट्या गादीने, कागद घासून छापणारा तिसरा, रंगागणिक ठोकळा बदलायचा, आणि पिसं उठणार त्या तिसऱ्याच्या हाताच्या जोरावर. दोन प्रती डिट्टो कशा निघतील सांग ना.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? वेदाला कुठे ॲडमिशन मिळाली?

तुझ्या फ्रेमवाल्याला विचार, ॲसिड नसलेला पुठ्ठा मिळतो का, आणि काच चित्राला टेकणार नाही अशी फ्रेम करतो का. पावसाळ्याचे चार महिने पुण्यात तुझ्याकडे ठेवला तर चालेल? आतल्या खोलीत, बाथरूमच्या भिंतीला नको. वहिनींना विचारून लगेच कळव, पॅकिंग त्यावर अडलंय.

तुझा,
बंड्या