पाण्याबरोबर शिंपलेही तपासावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किनाऱ्यालगतच्या समुद्रात शिसे, कॅडमियम, पारा अशा धातूंचे प्रदूषण किती आहे, हे ठरवताना पुष्कळदा बाटलीभर पाण्याच्या नमुन्यावर विसंबले जाते. तो नमुना त्या घटकेपुरतीच साक्ष देतो. भरती आली, पाऊस झाला किंवा रात्री सांडपाणी सोडले गेले की आकडा बदलतो. शिवाय हे धातू पाण्यात इतक्या सूक्ष्म प्रमाणात विरघळलेले असतात, की बाटली पुरेशी स्वच्छ नसली तरी मोजणी चुकते. म्हणून पाण्याबरोबर शिंपल्यांच्या मांसाचीही ठरावीक काळाने तपासणी व्हावी, असा माझा आग्रह आहे.

मसल (एक प्रकारचे शिंपले, इंग्रजीत mussel) आणि कालवे (ऑयस्टर) एकाच जागी चिकटून राहतात आणि श्वसनासाठी व अन्नासाठी पाणी गाळत असतात. त्या पाण्यातले व गाळाच्या कणांवरचे धातू त्यांच्या शरीरात साठत जातात आणि तेथील प्रमाण पाण्यातल्यापेक्षा कित्येक हजार पटींनी वाढू शकते. त्यामुळे मोजणी सोपी होते आणि मागील काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा हिशेब एकत्र हाती येतो. मला याहून मोलाचे वाटते ते असे की, पाण्यातल्या एकूण धातूपैकी सजीवांच्या शरीरात प्रत्यक्ष शिरणारा भाग किती, हे पाण्याच्या नमुन्यातून थेट कळत नाही, शिंपल्यातून कळते.

ही कल्पना नवी नाही. सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली ती जगापुढे मांडली आणि अमेरिकेत १९८६ पासून ‘मसल वॉच’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

मात्र मिळेल तो शिंपला उचलून मोजला, असे करून चालणार नाही. कालवे जस्त आणि तांबे फार मोठ्या प्रमाणात साठवतात, तर मसल या दोन धातूंचे शरीरातील प्रमाण बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवतात. तेव्हा एका ठिकाणची कालवे आणि दुसऱ्या ठिकाणचे मसल यांची तुलना करून कोणता किनारा अधिक दूषित, हे ठरवणे सरळसरळ चुकीचे आहे. जात एकच हवी, आकार सारखा हवा आणि ऋतूही तोच हवा, कारण प्रजननकाळात शिंपल्याचे वजन घटते-वाढते व त्याबरोबर धातूचे प्रमाणही बदललेले दिसते. पोटातला गाळ निघून जावा म्हणून नमुने आधी स्वच्छ समुद्रपाण्यात ठेवावे लागतात, नाहीतर आपण शिंपल्याऐवजी चिखलच मोजतो. तांब्याचे प्रमाण एकाएकी फार वाढले तर मसल शिंपा मिटून घेतात, म्हणजे सर्वांत घातक क्षण त्यांच्या शरीरात पुरता नोंदला जाईलच असे नाही. पाण्याची तपासणी बंद करू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच. जेथे नैसर्गिक शिंपले नाहीत, तेथे स्वच्छ जागेतले शिंपले जाळीच्या पिंजऱ्यात घालून काही आठवडे टांगून ठेवता येतात.

अशा तपासणीचे आकडे नमुन्याची जात, आकार, ठिकाण आणि तारीख यांसह सर्वांसाठी खुले असावेत. प्रत्येक वेळी काही नमुने गोठवून जपूनही ठेवावेत, म्हणजे पुढे एखाद्या नव्या घातक द्रव्याचा संशय आला, तर ते पाण्यात कधीपासून मिसळू लागले याचा शोध जुन्या नमुन्यांतून घेता येईल.

आपला नम्र,
एक वाचक